वाचकांचे प्रश्न : हडसनच्या खोऱ्यात कोण कुणाशी लढलं?

गेल्या अंकात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताना न्यूयॉर्क प्रांताच्या वाट्याला मी एकच परिच्छेद दिला होता. हडसन आणि मोहॉक या दोन नद्यांच्या खोऱ्यांत डच, जर्मन, स्कॉटिश, आफ्रिकी आणि तिथली मूळची इरोक्वॉय माणसं शेजारी-शेजारी राहत होती आणि युद्ध पेटल्यावर एकमेकांच्या उरावर बसली, एवढंच त्यात होतं. पत्रं आली ती बहुतेक त्या परिच्छेदावरच. तेव्हा या खेपेला बाकीचे विषय बाजूला ठेवतो. नोकरीच्या निमित्तानं माझी काही वर्षं मोहॉकच्या काठी स्केनेक्टडी गावात गेली, त्यामुळे हा मुलूख माझ्या पायाखालचा आहे. पाल्हाळ झालं तर त्याला हेच कारण समजा.

प्रश्न : सर, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आमच्या नोट्समध्ये ‘साराटोगा, १७७७, निर्णायक लढाई’ एवढीच ओळ आहे. बोस्टनला सुरू झालेलं युद्ध तिकडे जंगलात कसं पोचलं?

नकाशा उघडा आणि रस्ते विसरा, फक्त पाणी बघा. न्यूयॉर्क बंदरातून हडसन नदी जवळजवळ सरळ उत्तरेला जाते. समुद्राची भरती तिच्यात ट्रॉय गावापर्यंत चढते, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर आत. त्यामुळे शिडाची जहाजं थेट ऑल्बनीला लागत. त्याच्या वर जॉर्ज आणि शॅम्प्लेन ही सरोवरं आणि त्यांच्या पलीकडे कॅनडा. पश्चिमेकडून मोहॉक येऊन हडसनला मिळते, आणि डोंगररांगा ओलांडून आतल्या प्रदेशात जायची सोपी वाट तीच. बोस्टन, कनेक्टिकट वगैरे सगळा न्यू इंग्लंड या पट्टीच्या पूर्वेला. पट्टी इंग्रजांनी धरली की बंडाचं डोकं धडापासून वेगळं.

१७७७ चा बेत असा होता. जनरल बर्गॉइननं कॅनडातून खाली उतरायचं, सेंट लेजरनं मोहॉकच्या खोऱ्यातून पूर्वेला सरकायचं, आणि न्यूयॉर्कमधल्या फौजेनं वर चढून ऑल्बनीला दोघांची गाठ घ्यायची. पण न्यूयॉर्कचा सेनापती हाव फिलाडेल्फिया घ्यायला निघून गेला. मागे राहिलेला क्लिंटन ऑक्टोबरमध्ये हलला, तेही अर्ध्या वाटेपर्यंत. त्याच्या माणसांनी १६ ऑक्टोबरला किंग्स्टन जाळलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याची राज्यघटना याच गावात मंजूर झाली होती. दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, बर्गॉइननं साराटोगाला सुमारे ५,८०० माणसांनिशी शस्त्रं खाली ठेवली. ही बातमी पॅरिसला पोचली आणि १७७८ च्या फेब्रुवारीत फ्रान्सनं अमेरिकनांशी करार केला. ‘निर्णायक’ ते यासाठी.

परीक्षेत विचारणार नाहीत, तरी लक्षात ठेवा. बर्गॉइनच्या पलटणींतले जवळपास निम्मे सैनिक जर्मन होते, बहुतेक ब्रन्सविकच्या ड्यूककडून भाड्यानं घेतलेले. त्यांना अडवणारे मोर्चे आखले होते कॉश्चुश्को या पोलिश इंजिनिअरनं.

प्रश्न : मुलाकडे युटिकाला गेले होते तेव्हा त्यानं ओरिस्कनीचा दगडी स्तंभ दाखवला. हर्कायमर नावाचा जनरल तिथे जखमी झाला म्हणे, आणि तो जर्मन होता. जर्मनांचा या लढ्याशी संबंध काय? सून म्हणाली, आई, तुमच्या त्या सदरातल्या सरांनाच विचारा.

सूनबाईंना नमस्कार सांगा. ताई, हे जर्मन भाड्याचे नव्हेत, तिथलेच. १७१० मध्ये ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेट प्रदेशातल्या जवळजवळ तीन हजार निर्वासितांना इंग्रज सरकारनं जहाजांत भरून हडसनकाठी आणलं. त्यांनी पाइनच्या झाडांपासून डांबर काढायचं, ते आरमाराच्या जहाजांना लागायचं, आणि प्रवासखर्च त्यातून फिटायचा, असा हिशेब होता. वाटेतच शेकडो माणसं तापानं गेली. डांबरही धड निघालं नाही. मग ही कुटुंबं आधी स्कोहारीच्या आणि पुढे मोहॉकच्या खोऱ्यात सरकली. तिथली काळी, नदीच्या गाळाची जमीन त्यांना मानवली. १७७७ पर्यंत तिसरी पिढी शेती करत होती, आणि चर्चमधलं प्रवचन अजून जर्मनमध्येच चालायचं. निकोलस हर्कायमर हा त्यांच्यातला सुखवस्तू माणूस. विटांचं मोठं घर, पदरी गुलाम, आणि ट्रायॉन काउंटीच्या मिलिशियाचं, म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेचं, सेनापतिपद.

सेंट लेजरनं अमेरिकनांच्या फोर्ट स्टॅनविक्सला वेढा घातला. किल्ल्याच्या मदतीला हर्कायमर सुमारे ८०० शेतकरी घेऊन निघाला, बरोबर इरोक्वॉयांपैकी साठेक ओनायडा योद्धे. आपण जवळ आल्याचा निरोप त्यानं किल्ल्यात पाठवला होता. तो पोचला की किल्ल्यातून तीन तोफा सुटायच्या होत्या, आणि त्या ऐकू येईपर्यंत थांबायचा त्याचा विचार होता. हाताखालचे अधिकारी खवळले. याचा सख्खा भाऊ पलीकडे सेंट लेजरच्या फौजेत आहे, म्हणून हा पाय मागे घेतोय, असं तोंडावर बोलले. भाऊ खरोखरच तिकडे होता. टोमणा जिव्हारी लागला आणि ६ ऑगस्टला सकाळी हर्कायमरनं कूच केलं.

किल्ला दहाएक किलोमीटरवर असताना वाट एका ओल्या घळीत उतरते. मी त्या घळीत उतरून पलीकडे चढलोय, आणि मोकळ्या हातांनीसुद्धा धाप लागली. सामान, बैलगाड्या आणि ऑगस्टचा उकाडा यांच्यासकट ते शेतकरी तिथे उतरले तेव्हा दोन्ही बाजूंच्या झाडीत मोहॉक आणि सेनेका हे इरोक्वॉय योद्धे आणि सर जॉन जॉन्सनचे राजनिष्ठ सैनिक दबा धरून होते. हर्कायमरच्या घोड्याला आणि त्याच्या पायाला पहिल्या काही गोळ्यांतच इजा झाली. त्यानं खोगीर काढायला लावलं, झाडाच्या बुंध्याशी त्यावर बैठक मारली, चिलीम पेटवली आणि तिथून हुकूम सोडत राहिला. मध्येच वादळी पाऊस कोसळला. बंदुकीची दारू भिजली आणि तासभर लढाई थांबली. तेवढ्यात त्यानं एक गोष्ट हेरली होती. आपला माणूस झाडाआडून बार काढतो, तो बंदूक पुन्हा भरायच्या आत शत्रू कुऱ्हाड घेऊन अंगावर येतो. पाऊस ओसरल्यावर त्यानं एका झाडामागे दोघादोघांना उभं केलं, एकानं बार काढायचा, दुसऱ्यानं भरलेली बंदूक राखून ठेवायची.

त्याच धुमश्चक्रीत हान येरी या ओनायडा योद्ध्याच्या मनगटाला गोळी लागली. त्याची बायको त्योनाजानेगेन शेजारी उभी राहून बंदूक भरून देत राहिली आणि स्वतःही लढली. ही हकिगत त्या वेळच्या वर्तमानपत्रात छापून आली होती, पुढे कुणी रचलेली नाही.

संध्याकाळपर्यंत हर्कायमरची निम्म्याच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. समोरून गोळी घालणारा पुष्कळदा ओळखीचा निघाला. सर जॉनच्या पलटणीत याच काउंटीतले शेतकरी होते, काही त्याच्या वडिलांनी वसवलेले स्कॉटिश हायलँडर, काही जर्मनसुद्धा. हर्कायमरचा पाय कापावा लागला, आणि दहा दिवसांनी तो आपल्या घरी वारला.

किल्ला मात्र पडला नाही. तिकडे लढाई चालू असताना किल्ल्यातल्या तुकडीनं बाहेर पडून शत्रूचा रिकामा तळ लुटला, घोंगड्या आणि भांडीकुंडीसुद्धा उचलून नेली. इरोक्वॉय योद्धे परत आले तर पांघरायला काही नाही. पुढे अमेरिकन जनरल बेनेडिक्ट अर्नोल्डनं हॉन योस्ट नावाच्या एका पकडलेल्या राजनिष्ठाला, त्याच्या कोटाला गोळ्यांची भोकं पाडून, ‘प्रचंड फौज येतेय’ अशी हूल उठवायला सेंट लेजरच्या तळावर पाठवलं. आधीच विटलेले योद्धे निघून गेले आणि सेंट लेजरला वेढा उठवावा लागला. बर्गॉइनला पश्चिमेकडून मदत आली नाही ती अशी.

प्रश्न : शाळेत इतिहास शिकवते. मुलांना मी सांगते की मूळचे अमेरिकन इंग्रजांच्या बाजूनं लढले. तुमचे ओनायडा मध्येच कुठून आले?

बाई, तुमचं वाक्य अर्धं बरोबर आहे, आणि ते तसं रूढ व्हायला खुद्द स्वातंत्र्याचा जाहीरनामा कारणीभूत आहे. राजावरच्या आरोपांच्या यादीत शेवटचा आरोप त्यानं ‘निर्दय रानटी इंडियन’ आमच्यावर सोडले असा आहे. त्यात ओनायडांचा अपवाद नाही. कसा असेल, लिहिणारे फिलाडेल्फियात बसलेले.

मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि नंतर सामील झालेले टस्करोरा, अशा सहा राष्ट्रांचा हा इरोक्वॉय संघ. सगळ्यांचं मिळून सभास्थान ओनोंडागाला, तिथला अग्नी विझू द्यायचा नाही असा रिवाज. सुरुवातीला संघानं ठरवलं की हे बापलेकांचं भांडण आहे, आपण मध्ये पडायचं नाही. पण १७७७ च्या जानेवारीत ओनोंडागाला साथ आली. तीन मुखियांसह नव्वदेक माणसं गेली, आणि सभेचा अग्नी विझवण्यात आला. म्हणजे एकत्र बसून निर्णय घ्यायची सोयच राहिली नाही. त्यानंतर ज्यानं त्यानं आपापलं पाहिलं, आणि पाहिलं ते जमिनीच्या नजरेनं.

मोहॉकांची गावं वसाहतवाल्यांच्या अगदी तोंडाशी होती, जमीन वर्षागणिक कुरतडली जात होती. राजानं १७६३ मध्ये आणि १७६८ च्या करारानं सीमारेषा आखून दिल्या होत्या. त्या पाळल्या जायच्या नाहीत, पण निदान लंडनला जाऊन गाऱ्हाणं सांगता यायचं. जोसेफ ब्रँट, म्हणजे थायेनदानेगेआ, खरंच लंडनला गेला, तिसऱ्या जॉर्जला भेटला आणि परत येऊन राजाच्या बाजूनं उभा राहिला. माझ्या मते त्याच्याहून वजनदार व्यक्ती त्याची बहीण मॉली. ती सर विल्यम जॉन्सन (मूळ रहिवाशांशी व्यवहार पाहणारे इंग्रजांचे अधिकारी, सर जॉनचे वडील) यांची जोडीदार, आठ मुलांची आई. मोहॉकांत घराण्याच्या वडीलधाऱ्या बाईचा शब्द पुरुषांच्या सभेत चालायचा. हर्कायमर निघाल्याची खबर सेंट लेजरच्या तळावर पोचवली ती तिनंच. ओरिस्कनीचा सापळा त्या निरोपावर रचला गेला.

ओनायडांचं गणित निराळं. त्यांची ऊठबस हर्कायमरच्या जर्मन शेजाऱ्यांशी, देवाणघेवाण त्यांच्याशी. सॅम्युएल कर्कलंड हा मिशनरी त्यांच्यात राहिलेला, आणि तो वसाहतींच्या बाजूचा. शिवाय जॉन्सन घराण्याची मर्जी नेहमी मोहॉकांवर, याचाही सल होता. शेजारी टिकला तर आपली जमीन टिकेल असा त्यांनी कौल लावला.

ओरिस्कनीनंतर संघातल्या संघात सूड सुरू झाला. ओनायडांचं ओरिस्का गाव जाळलं गेलं. ओनायडांनी मोहॉकांच्या गावांवर जाऊन लूट केली, मॉली ब्रँटचं घरही त्यातून सुटलं नाही. ती मुलाबाळांना घेऊन पश्चिमेकडे पळाली. १७७८ च्या ११ नोव्हेंबरला राजनिष्ठ आणि सेनेका यांनी चेरी व्हॅलीत बायकापोरांसह तीसेक निःशस्त्र माणसं मारली. त्याला उत्तर म्हणून पुढच्या वर्षी वॉशिंग्टननं जनरल सलिव्हनला चार हजारांहून अधिक सैन्य देऊन पाठवलं. त्या मोहिमेत मोठी लढाई जवळपास नाहीच. चाळीसहून अधिक गावं जाळली, १ लाख ६० हजार बुशेल (धान्य मोजायचं माप) मका नष्ट केला, पीच आणि सफरचंदांच्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या. सैनिकांनी रोजनिशीत त्या मक्याच्या कणसांची लांबी कौतुकानं लिहून ठेवलीय, आणि पुढच्याच ओळीत शेत पेटवल्याची नोंद. पाचेक हजार निर्वासित नायगारा किल्ल्याच्या आसऱ्याला गेले. त्या साली हिवाळा भयंकर पडला. कणसं मोजणारे यातले बरेच जण युद्धानंतर त्याच जमिनीवर राहायला आले.

१७८३ च्या तहात मूळ रहिवाशांचा उल्लेखच नाही. इंग्रजांनी जी जमीन अमेरिकनांना देऊन टाकली ती कुणाची, हा प्रश्न टेबलावर आलाच नाही. ब्रँट आणि त्याचे लोक कॅनडात ग्रँड नदीकाठी गेले. मॉलीला वार्षिक १०० पौंड पेन्शन मिळालं.

आणि जिंकलेल्या बाजूचे ओनायडा? १७८० मध्ये त्यांची गावं जाळली गेली होती, शेकडो जण स्केनेक्टडीबाहेर झोपड्यांत थंडीत कुडकुडत राहिले. १७८४ मध्ये त्यांना वचन मिळालं की तुमच्या जमिनीला कुणी हात लावणार नाही. पाठोपाठ १७८५ आणि १७८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं त्यांच्याकडून लाखो एकर लिहून घेतले. १७९५ मध्ये आणखी सुमारे एक लाख एकर. हा शेवटचा व्यवहार केंद्र सरकारच्या कायद्याविरुद्ध होता, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, पण १९८५ मध्ये. मधल्या काळात बरेच ओनायडा विस्कॉन्सिनला आणि ऑन्टारिओला गेले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या हाती उरले होते ३२ एकर. हडसनच्या खालच्या अंगाच्या वॅपिंजर लोकांचा मुखिया डॅनिएल निमहॅम याची गोष्ट तशीच. फिलिप्स घराण्यानं बळकावलेल्या जमिनीसाठी तो १७६६ मध्ये लंडनपर्यंत जाऊन भांडला, परत आल्यावर न्यूयॉर्कच्या कौन्सिलनं दावा फेटाळला. स्वातंत्र्ययुद्धात तो आणि त्याचा मुलगा अब्राहम अमेरिकनांकडून लढले. ३१ ऑगस्ट १७७८ रोजी किंग्सब्रिजला, आजच्या ब्रॉन्क्समध्ये, दोघेही मारले गेले.

वर्गात सांगायला सोपं जाईल असं उत्तर मी दिलेलं नाही, याची कल्पना आहे.

प्रश्न : मी वकील आहे, कुळकायद्याच्या केसेसमध्ये आयुष्य गेलं. तिथे जमीनदारी होती का? कुळं कुठल्या बाजूला होती?

वकीलसाहेब, तुमचाच विषय आहे. डचांच्या काळापासून हडसनच्या दोन्ही काठांवर अवाढव्य जहागिरी. ऑल्बनीभोवती व्हॅन रेन्सेलर, खाली लिव्हिंग्स्टन, त्याच्या खाली फिलिप्स. लिव्हिंग्स्टन मॅनर, म्हणजे त्यांची जहागीर, एकटीच १ लाख ६० हजार एकरांची. व्हॅन रेन्सेलरांच्या भाडेपट्ट्यांत खंड असा असायचा : इतके बुशेल गहू, चार लठ्ठ कोंबड्या, आणि वर्षातून एक दिवस गाडी-घोड्यासकट मालकाच्या कामावर. आपल्याकडच्या जुन्या खंडाच्या पावत्या आणि वेठ तुम्ही पाहिली असेल, तर हे पट्टे परके वाटणार नाहीत.

१७६६ मध्येच कुळांनी दंगा केला होता. विल्यम प्रेंडरगास्ट या पुढाऱ्याला फाशीची शिक्षा झाली. त्याची बायको मेहिटाबेल घोड्यावर बसून गव्हर्नरकडे न्यूयॉर्कला गेली, तहकुबी मिळवून आली, आणि पुढे राजानं माफी दिली. दहा वर्षांनी स्वातंत्र्याचं वारं आलं तेव्हा लिव्हिंग्स्टनांच्या कुळांनी एवढंच पाहिलं की आपला मालक बंडखोरांत आहे. म्हणजे आपण राजाचे! राजा जिंकला तर कसणाऱ्याला जमीन मिळेल अशी अफवा होती. १७७७ च्या मे महिन्यात, इंग्रज जवळ आलेत अशा समजुतीनं, ही कुळं उठली. इंग्रज अजून पार लांब होते. मिलिशियानं उठाव मोडला, काही माणसं मेली.

पुढची गंमत बघा, म्हणजे कुळांच्या दृष्टीनं गंमत नव्हे. फिलिप्स राजनिष्ठ राहिला. १७७९ च्या कायद्यानं त्याची जहागीर जप्त झाली, तुकडे पाडून विकली गेली, आणि अनेक तुकडे त्यावरच्या कुळांनीच विकत घेतले. लिव्हिंग्स्टन आणि व्हॅन रेन्सेलर देशभक्तांत होते, त्यामुळे त्यांची मालकी शाबूत. त्यांची कुळं गहू आणि कोंबड्या पोचवत राहिली. व्हॅन रेन्सेलरांच्या कुळांनी खंड द्यायचं नाकारून मोठं आंदोलन उभारलं ते १८३९ मध्ये. मालकानं चुकीची बाजू घेतली तर कुळाचं भाग्य उजळलं. एवढा स्वच्छ दाखला मला दुसरीकडे सापडलेला नाही.

प्रश्न : गुलाम पदरी ठेवणाऱ्यांनी कसलं स्वातंत्र्य मागितलं? उत्तर टाळू नये.

टाळत नाही. युद्धाच्या तोंडावर न्यूयॉर्क प्रांतात जवळपास वीस हजार गुलाम होते. दर शंभर माणसांमागे अकरा-बारा. हडसनकाठच्या डच शेतकऱ्यांच्या घरी एक-दोन गुलाम ही सर्रास गोष्ट. त्यातले कित्येक डचच बोलायचे. पुढे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत गाजलेली सोजर्नर ट्रुथ याच खोऱ्यात अल्स्टर काउंटीत जन्मली, तिचीही पहिली भाषा डचच.

या माणसांनी दोन्ही बाजूंची बोली तोलून पाहिली. ३० जून १७७९ रोजी क्लिंटननं फिलिप्सबर्गहून जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडे पळून येतील त्यांना संरक्षण आणि काम. यात परोपकार नव्हता, शत्रूचे हात तोडायचे होते. राजनिष्ठांच्या गुलामांना ही सवलत नव्हतीच. तरी हजारो पळाले. १७८३ मध्ये इंग्रजांनी न्यूयॉर्क सोडलं तेव्हा जहाजावर चढणाऱ्या तीन हजार कृष्णवर्णीयांची यादी केली गेली : नाव, वय, अंगावरची खूण, आधीचा मालक. वॉशिंग्टनच्या मळ्यावरून पळालेलेही त्यात आहेत. वॉशिंग्टननं आपली ‘मालमत्ता’ परत मागितली होती, इंग्रज सेनापती कार्लटननं दिली नाही.

अमेरिकन बाजूनंही कृष्णवर्णीय लढले. ऱ्होड आयलंडची पहिली रेजिमेंट, जिच्यात मुक्त झालेले गुलाम होते, तिची एक तुकडी १४ मे १७८१ रोजी क्रोटन नदीवरच्या पाइन्स ब्रिजजवळ राजनिष्ठांनी कापून काढली. तिचा कर्नल ग्रीनही तिथेच पडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कनं कायदा केला : मालकानं गुलाम सैन्यात द्यावा, मालकाला सरकारी जमीन मिळेल, आणि तीन वर्षं नोकरी झाल्यावर गुलाम मोकळा. लढायचं एकानं, एकर दुसऱ्याच्या नावावर. न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी पूर्ण संपली ती ४ जुलै १८२७ रोजी.

प्रश्न : हडसन नदीवर लोखंडी साखळी बांधली होती म्हणे. दंतकथा आहे का?

नाही. पहिली साखळी फोर्ट माँटगोमेरीजवळ होती, ती १७७७ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी किल्ल्यासकट घेतली. दुसरी, जाडजूड, वेस्ट पॉइंटला ३० एप्रिल १७७८ रोजी टाकली. लांबी सुमारे अर्धा किलोमीटर, एकेक कडी पन्नास किलोच्या वर, आणि ती बुडू नये म्हणून खाली ओंडक्यांचे तराफे. हिवाळ्यात बर्फ धरायच्या आत ती ओढून काठावर घ्यायची आणि वसंतात पुन्हा टाकायची, असं दर वर्षी. एकाही इंग्रज जहाजानं तिच्यावर धडकून पाहिलं नाही. वेस्ट पॉइंट विकत घ्यायचा प्रयत्न मात्र झाला. १७८० मध्ये अर्नोल्ड, तोच हूल उठवणारा, २०,००० पौंडांच्या बोलीवर तो किल्ला इंग्रजांना द्यायला निघाला होता. मध्यस्थ मेजर आंद्रे टॅरीटाउनजवळ तीन मिलिशियावाल्यांच्या हाती सापडला आणि फासावर गेला, अर्नोल्ड निसटला.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं लेकीकडे ऑल्बनीला जाणार आहोत. चार दिवस मोकळे आहेत. यातलं काय बघता येईल?

ऑल्बनीतच फिलिप स्कायलर या डच वंशाच्या जनरलचा वाडा आहे. बर्गॉइननं साराटोगाला त्याचं घर जाळलं, आणि शरणागतीनंतर याच वाड्यात पाहुणचार घेतला. एक दिवस साराटोगाच्या रणभूमीला द्या. गाडीनं फिरता येतं आणि ऑक्टोबरात झाडं रंगलेली असतात. तिथे नुसत्या एका बुटाचं स्मारक आहे. अर्नोल्डचा पाय तिथे जायबंदी झाला होता, म्हणून पायाला स्मारक मिळालं आणि फितुरीमुळे नाव कोरायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मोहॉकच्या काठानं पश्चिमेला : लिटल फॉल्सजवळ हर्कायमरचं विटांचं घर, मग ओरिस्कनी, मग रोम शहराच्या मध्यावर पुन्हा बांधलेला फोर्ट स्टॅनविक्स. ही तिन्ही एका दिवसात होतात, पण सकाळी लवकर निघा आणि घळीत उतरायला चांगले बूट घाला. तिसरा दिवस दक्षिणेला किंग्स्टनचा. आगीनंतर दगडी भिंती तशाच ठेवून बांधलेली जुनी डच घरं तिथे आहेत. वेस्ट पॉइंट चौथ्या दिवशी. साखळीच्या शिल्लक तेरा कड्या तिथे नदीकडे तोंड करून मांडलेल्या आहेत. मात्र ती चालू लष्करी अकादमी आहे, आधी चौकशी करून जा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. मुलीच्या घरी विसरलात तर फाटकावरूनच परत यावं लागेल.